वाक्यातला कर्ता

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा लेख काल रात्री वाचला, सकाळी पुन्हा वाचला. इराणच्या मुलींवर लिहायचं तुझ्या मनाने घेतलं, आणि लिहिण्याआधी तू शेजारच्या खोलीतल्या इराणी मुलीशी तासन् तास बोललीस, याचं मला फार कौतुक वाटलं. पण हा लेख असाच छापायला देऊ नकोस. का, ते सविस्तर लिहिते.

तुझं पहिलंच वाक्य घे. ‘सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनीचा मृत्यू झाला आणि इराणमध्ये हिंसाचार उसळला.’ शाळेत बाई फळ्यावर वाक्य लिहून कर्ता ओळखायला सांगायच्या, आठवतं? या वाक्यात कर्ता शोध. मृत्यू झाला, हिंसाचार उसळला. जणू पाऊस पडला आणि ओढ्याला पूर आला. कुणी काही केलंच नाही!

घडलं ते असं. सक्केझ या कुर्दी गावातली बावीस वर्षांची मुलगी भावाबरोबर तेहरानला आली होती. १३ सप्टेंबरला ‘गश्त-ए-इर्शाद’च्या पोलिसांनी तिला पकडलं. गश्त म्हणजे आपली गस्तच, इर्शाद म्हणजे मार्गदर्शन. डोक्यावरचा रुमाल नीट नाही, हा तिचा गुन्हा. कोठडीतून ती बेशुद्धावस्थेत रुग्णालयात गेली आणि १६ तारखेला वारली. सरकार म्हणालं, तिला जुना आजार होता. घरच्यांनी ते साफ नाकारलं. मार्च २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने आपला निष्कर्ष मांडला: कोठडीतल्या शारीरिक हिंसेमुळे तिचा जीव गेला. म्हणजे कर्ता सापडतो. तो लिही. निष्कर्ष कुणाचा आहे तेही त्याच वाक्यात लिही, म्हणजे वाचकाला तुझ्या शब्दावर विसंबावं लागणार नाही.

हेच महसाच्या मृत्यूनंतरच्या निदर्शनांच्या काळात गेलेल्या सोळा वर्षांच्या निका शाकरामीचं. हेच कराजच्या सरिना इस्माईलजादेचं, तीही सोळाचीच. दोघींच्या बाबतीत सरकारी उत्तर एकच, उंचावरून पडली. तू लिहिलंस, ‘दोघींचा गूढ मृत्यू झाला.’ हा ‘गूढ’ शब्द काढून टाक. सरकारचं म्हणणं सरकारच्या नावावर घाल, कुटुंबाचं कुटुंबाच्या. गूढ म्हटलं की सगळेच सुटतात.

आता दुसरी बाजू, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. तुझ्या लेखात त्या मुली फक्त मार खातात. ‘बिचाऱ्या’ हा शब्द तीनदा आलाय. अगं, निका जायच्या आधीची दृश्यं बघ. तेहरानच्या रस्त्यावर कचरापेटीवर उभी राहून ती आपला रुमाल जाळते आहे. महसाच्या दफनाच्या वेळी सक्केझच्या दफनभूमीत बायकांनी डोक्यावरचे रुमाल काढून हवेत फिरवले. ऑक्टोबरमध्ये शाळकरी मुलींनी वर्गात रुमाल उतरवले आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून फोटो काढले, मोकळे केस दिसतील आणि चेहरा दिसणार नाही असे. डिसेंबर २०१७ मध्ये तेहरानच्या इन्किलाब रस्त्यावर एक तरुणी विजेच्या पेटीवर चढली, पांढरा रुमाल काठीला बांधला आणि गप्प उभी राहिली. या सगळ्या कर्तरी प्रयोगातल्या बायका आहेत. त्यांना तुझ्या लेखात क्रियापदं दे.

हे २०२२ ला सुरू झालं असंही लिहू नकोस. ८ मार्च १९७९ ला, इस्लामी क्रांतीला महिना होत नाही तोच, हजारो बायका तेहरानच्या रस्त्यांवर आल्या, कारण कामावर जाताना डोकं झाका असं फर्मान निघालं होतं. पुढे १९८३ मध्ये कायदा झाला आणि शिक्षा ठरली चौऱ्याहत्तर फटक्यांपर्यंत. त्याच्याही मागे जा. १९३६ मध्ये रझा शाहने उलटा हुकूम काढला होता, पडदा घ्यायचाच नाही. तेव्हा पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरून चादर ओढत. काही बायकांनी मग घराबाहेर पडणंच सोडलं. दोन्ही वेळा बाईच्या डोक्यावर हात सरकारचाच होता. इथे हा लेख आला की कुणी तरी तो आपल्याच गावातल्या मुसलमान मुलींवर फेकायला उचलेल. त्याच २०२२ साली कर्नाटकात हिजाब घातलेल्या मुलींना कॉलेजच्या फाटकावर अडवलं होतं, हे विसरू नकोस. १९३६ आणि १९८३ शेजारी शेजारी ठेवलेस तर तुझा लेख त्या कामी येणार नाही.

आणि ‘बुरखा’ हा शब्द तू सात वेळा वापरलायस, तो चुकीचा आहे. तिथे सक्ती आहे ती डोक्याच्या रुमालाची, त्याला त्या रुसरी म्हणतात, आणि अंगभर सैल कोटाची. पायघोळ चादर वेगळी. मैत्रिणीला दाखवायला सांग, ती चित्र काढून दाखवेल.

अमिनीचं नाव महसा असं कागदोपत्री. घरात ती झीना. कुर्दीतल्या त्या ‘झ’साठी आपल्याकडे नेमकं अक्षर नाही, म्हणून मी झ लिहिते. ‘झिन, झियान, आझादी’ ही घोषणाही कुर्दी बायकांच्या चळवळीतून आली: स्त्री, जगणं, स्वातंत्र्य. फारसीत तेच ‘झन, झिंदगी, आझादी’. आता हे बघ, झन हा शब्द आपल्याकडे शतकांपूर्वी आला तो ‘जनाना’ आणि ‘जनानखाना’ होऊन, चार भिंतींसकट. फिर्याद, गुन्हा, जामीन, कैद, हुकूम हेही त्याच वाटेने आले. तुझ्या लेखाला लागणारे निम्मे शब्द आपल्या भाषेत आधीच आहेत, त्यासाठी इंग्रजीकडे धावू नकोस.

आकडा एकच दे, पण पूर्ण दे. संयुक्त राष्ट्रांच्या त्याच अहवालानुसार सुरक्षा दलांनी ५५१ पर्यंत निदर्शक मारले. त्यात किमान ४९ स्त्रिया आणि ६८ मुलं. याचा अर्थ मेलेल्यांत बहुसंख्य पुरुष होते. हे कुणी फारसं सांगत नाही. तू सांग. छर्ऱ्यांनी कित्येकांचे डोळे गेले, आणि रुग्णालयात गेलं तर तिथूनच उचलतील म्हणून अनेकांनी जखमा घरीच बांधल्या, हेही त्याला जोडून सांग.

आता एक माझी चूक. जून २००९ मध्ये तेहरानच्या रस्त्यावर नेदा आगा-सोल्तानला गोळी लागली. तिच्या शेवटच्या क्षणांची चित्रफीत जगभर गेली, आणि तिच्यासोबत समाजमाध्यमावरून उचललेला एक हसरा फोटो. तो फोटो तिचा नव्हताच! मिळत्याजुळत्या नावाच्या, जिवंत असलेल्या एका प्राध्यापिकेचा होता. जगातल्या मोठमोठ्या माध्यमांनी तो वापरला. त्या रात्री आमच्या दैनिकाच्या परदेश पानावर मी होते, आणि मीही तो लावला. चूक कळवूनही फोटो फिरतच राहिला. सरकारी माणसं त्या बाईंच्या मागे लागली, काही दिवसांतच त्यांना देश सोडावा लागला, शेवटी जर्मनीत आसरा मिळाला. नोकरी, घर, आई, सगळं मागे. पानावरचा तो दोन बोटांचा फोटो मला अजून दिसतो. मी एका फोनवर खात्री करू शकले असते असं नाही, पण फोटोशिवाय बातमी लावू शकले असते.

म्हणून तुझ्या मैत्रिणीबद्दल सांगते. तिचं नाव बदललंस, चांगलं केलंस. पण ती कुठला विषय शिकते, कुठल्या शहरातली, भाऊ काय करतो, हे सगळं लेखात आहे. पुण्यात त्या विषयाच्या इराणी मुली किती असतील? तिला पासपोर्टच्या कामाला मुंबईच्या वकिलातीत जावं लागतं. तिचे आईवडील तिथे आहेत. तिने हो म्हटलं हे खरं, पण रात्री दोन वाजता, रडता रडता म्हटलेलं हो पुरेसं नाही. छापायचा मजकूर तिला शब्दशः वाचून दाखव आणि दोन दिवस दे. तिने एखादं वाक्य काढायला सांगितलं तर कारण विचारू नकोस.

निलुफर हमेदी आणि इलाहे मोहम्मदी या दोन इराणी पत्रकारांवर तू दोनच ओळी लिहिल्यास. माझं ऐकशील तर लेखाचा मधला भाग त्यांना दे. एकीने रुग्णालयात एकमेकांना बिलगलेल्या झीनाच्या घरच्यांचा फोटो जगापुढे आणला, दुसरी सक्केझला जाऊन दफनाची बातमी घेऊन आली. आपण रोज करतो तेच काम. त्यासाठी दोघींनी पंधरा महिन्यांहून जास्त काळ तुरुंगात काढला. जानेवारी २०२४ मध्ये जामिनावर सुटल्या. त्यांनी काय पाहिलं, कुठे उभ्या राहिल्या, काय विचारलं, हे शोध. तुझ्या वयाच्या वाचणाऱ्या मुलींना तेवढं कळलं तरी पुष्कळ आहे.

झीनाच्या कबरीवर कुर्दीत एक ओळ आहे: ‘झीना, तू मरणार नाहीस, तुझं नाव संकेत होईल.’ ती तू शेवटी घातलीस. सुरुवातीला आण, दफनाच्या वर्णनात, जिथे ती आहे तिथे.

नवा खर्डा शुक्रवारपर्यंत पाठव. मैत्रिणीला घेऊन रविवारी जेवायला ये. तिला तिखट चालत नाही म्हणालीस ना? आमटी बेताची करीन.

तुझ्या,
बाई