कटिबस्तीतली ‘बस्ती’ कुठली?

प्रश्न असा आला आहे: ‘आईला कंबरदुखीसाठी वैद्यांनी कटिबस्ती सांगितली. बस्ती म्हणजे एनिमा ना? आई घाबरली आहे. आणि लिहायचं कसं, बस्ति, बस्ती की वस्ती?’

आधी आईंना सांगा, कटिबस्तीत एनिमा नसतो. झाडाला आळं करतात तसं उडदाच्या पिठाचं आळं कमरेवर करतात, त्यात कोमट औषधी तेल ओततात आणि काही वेळ राहू देतात. बस्स.

गोंधळ शब्दामुळे झाला आहे, आणि तो साहजिक आहे. संस्कृतात ‘बस्ति’ म्हणजे मूत्राशय. शिर, हृदय आणि बस्ती ही आयुर्वेदाची तीन महत्त्वाची मर्मं, म्हणजे शरीरातल्या नाजूक, जिवाच्या जागा, त्यातली बस्ती हीच. पूर्वी गुदमार्गाने औषध द्यायला रबरी पिशव्या नव्हत्या. चरकसंहितेत त्यासाठी म्हातारा बैल, म्हैस, हरीण, डुक्कर, बोकड यांचं मूत्राशय कमावून वापरायला सांगितलं आहे. त्याला नळी बांधायची आणि दाबायचं. त्या पिशवीचं नाव उपचाराला मिळालं. अवयव, मग साधन, मग क्रिया, असा हा प्रवास मला फार सुंदर वाटतो.

पुढे तेल ‘धरून ठेवणं’ हाही अर्थ जोडला गेला. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात डोक्यावर तेल वापरण्याचे चार प्रकार आहेत, त्यांतला एक शिरोबस्ती. कटिबस्ती (कमरेची), जानुबस्ती (गुडघ्याची) ही नावं त्याच धर्तीची. पंचकर्मांत, म्हणजे आयुर्वेदाच्या पाच शोधन उपचारांत, मोजली जाते ती मात्र गुदमार्गाची बस्ती. म्हणून नुसतं ‘बस्ती घ्या’ असं कोणी म्हटलं तर ‘कुठली?’ हे विचारलंच पाहिजे. काढ्याची निरूहबस्ती उपाशीपोटी देतात, तेलाची अनुवासनबस्ती जेवणानंतर. सुश्रुताने ‘अनुवासन’ची फोडही दिली आहे: आत राहिली तरी बाधत नाही, किंवा रोज देता येते, ती. दोन्हींची वेळ उलटी केली की त्रास होतो, त्यामुळे ऐकीव माहितीवर घरी करण्याचा हा उपचार नव्हे. गर्भारपण, जुलाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते वैद्यांना आधी सांगायचं, चालू गोळ्यांसकट.

कटिबस्ती त्यामानाने सौम्य, पण मधुमेहाने त्वचेची जाणीव कमी झालेल्या माणसाला तेल जास्त गरम आहे हे कळतच नाही आणि भाजतं. आईंना मधुमेह असेल तर तेल दुसऱ्या कुणीतरी आधी हाताला लावून पाहावं. कमरेवर जखम किंवा पुरळ असेल तर थांबावं.

आता लेखन. मराठीच्या नियमाप्रमाणे शेवटचा इकार दीर्घ, म्हणून ‘बस्ती’, ‘कटिबस्ती’. समासात हा शब्द आधी आला की तो इकार ऱ्हस्व: बस्तिकर्म, बस्तियंत्र. कवी आणि कविमन, तसंच. संस्कृतात ‘वस्ति’ असंही रूप आहे, पण मराठीत ‘वस्ती’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला घरंच दिसतील.