पालकाला शेजार कोणाचा?

प्रश्न : घरामागे दहा बाय बारा फुटांची परसबाग आहे. टोमॅटोच्या सरीलगत पालक, मेथी, कोथिंबीर केली. पालकाच्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेषा आल्या आहेत. कडेला झेंडू लावूनही फरक नाही. कोणत्या पालेभाज्या एकमेकींशेजारी लावाव्यात?

उत्तर : ताई, त्या रेषा नागअळीच्या आहेत. ही अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमधला हिरवा भाग खात पुढे सरकते. पान उजेडात धरून पाहा, रेषेच्या रुंद टोकाला बारीक पिवळसर अळी दिसेल. टोमॅटो, चवळी, घेवडा, काकडी यांवरही ही कीड येते, म्हणून पालकाला टोमॅटोचा शेजार नको. रेषा असलेली पाने खुडून पिशवीत बांधा आणि उन्हात ठेवा, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. ही अळी बहुतेक वेळा जमिनीत कोषावस्थेत जाते, म्हणून ओळींमधली माती खुरप्याने हलवत राहा.

झेंडूकडून लोक फार अपेक्षा ठेवतात. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींवर, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जंतांवर, त्याचा उपयोग होतो, तोही त्याच वाफ्यात झेंडू दाट लावून दोन-तीन महिने ठेवला तर. कडेच्या चार रोपांनी नागअळी थांबत नाही.

आता जोड्या. मला सगळ्यात भरवशाची वाटते ती मुळा आणि कोथिंबिरीची. मुळा चार-पाच दिवसांत उगवतो, धन्यांना दहा-पंधरा दिवस लागतात. दोन्ही एकाच ओळीत पेरले की मुळ्यामुळे ओळ आधीच दिसते आणि खुरपताना कोथिंबिरीचे कोंब तुटत नाहीत. मुळ्याचा पाला कोवळा असतानाच भाजीला उपटा. कोथिंबिरीला जागा मिळते आणि मातीही भुसभुशीत होते. मुळा सहा इंचांवर एकच ठेवा, दाट झाला तर कोथिंबीर दबते. धने मात्र रगडून दोन फाकी करून, रात्रभर भिजवूनच पेरा.

पालकाच्या दोन ओळींमध्ये मेथीची एक ओळ घ्या. मेथी महिन्याभरात उपटून होते आणि पालक पुढच्या कापण्यांसाठी मोकळा होतो. मेथीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात हे खरे, पण एवढ्या कमी दिवसांत पालकाला त्याचा मोठा लाभ मिळत नाही. त्यामुळे शेणखत कमी करू नका.

बीट आणि चाकवत पालकाच्याच कुळातले. पानांवरच्या ठिपक्यांचे रोग एकमेकांकडे जातात, म्हणून ते दुसऱ्या टोकाला लावा. कोबी असेल तर त्याच्या कडेने मोहरीची ओळ पेरा. मावा आणि चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीकडे ओढला जातो. तिच्यावर कीड दाटली की ती झाडे उपटून नष्ट करा, नाहीतर तिथूनच कीड कोबीवर येईल.

शेपू आणि कोथिंबिरीची दोन-दोन झाडे फुलावर जाऊ द्या. त्या बारीक फुलांवर मित्रकीटक येतात आणि त्यांतल्या अनेकांच्या अळ्या मावा फस्त करतात. फुले उघडी असताना कशाचीही फवारणी नको. मावा फारच वाढला तर आधी भाजी कापून घ्या. मग 50 ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून संध्याकाळी फवारा.

सगळे बी एकदम टाकू नका. दर दहा-बारा दिवसांनी एकेक ओळ पेरलीत तर घरात रोज ताजी भाजी येईल आणि कीड आली तरी सगळा वाफा एकदम जाणार नाही.