ठाणं सुधारलं की बिघडलं? आधी ते काम कुणाचं आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा होता: नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर दोन तट पडलेत. एक म्हणतो ठाण्याचा कायापालट झाला, दुसरा म्हणतो वाट लागली. विचारणाऱ्याला कळत नाहीये की मत कशावरून बनवायचं आणि अडचण आली तर धरायचं कुणाला.

दोन्ही तट आपापल्या गॅलरीतून बघून बोलतायत. नौपाडा-पाचपाखाडीवाल्याला रस्ते बरे दिसतात, त्याची चिंता जुन्या इमारतीची. घोडबंदरवाल्याच्या दारात मेट्रोचे खांब आहेत आणि सोसायटीच्या आवारात टँकर. दिवा-मुंब्र्यात पाणी, कचरा आणि इमारतीचे कागद हे तिन्ही प्रश्न एकदम अंगावर येतात. या तिघांचं एक मत होणार नाही, व्हायचं कारणही नाही. पण तिघांचाही गोंधळ एकाच ठिकाणी होतो. होर्डिंगवर चेहरा एक असतो आणि कामं मात्र पाच-सहा यंत्रणांची असतात. त्यामुळे श्रेय एकाला जातं आणि शिव्या भलत्यालाच बसतात.

घोडबंदर रोडचंच घ्या. मुख्य रस्ता राज्य महामार्ग, तो वर्षानुवर्षं सार्वजनिक बांधकाम विभागाकडे राहिलेला. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळचे उड्डाणपूल रस्ते विकास महामंडळाने बांधलेले. मेट्रो ४ आणि ४अ एमएमआरडीएची (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), म्हणजे पत्र्यांच्या आतला खड्डा त्यांच्या ठेकेदाराचा. सेवा रस्ता आणि त्याखालचं गटार महापालिकेचं. अवजड वाहनं किती वाजता सोडायची हे वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेने ठरतं. जेएनपीटी आणि भिवंडीच्या गोदामांतून गुजरातकडे जाणारा कंटेनर याच रस्त्याने जातो. गायमुखच्या घाटात त्यातला एक जरी बंद पडला तरी कापूरबावडीपर्यंत रांग लागते. यात नगरसेवकाच्या हातात जवळजवळ काही नसतं, पण भेटतो तोच, म्हणून शिव्या तोच खातो.

सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिसळण्याचं काम ही तर फार बोलकी गोष्ट आहे. कागदावर मार्गिका वाढतात. पण महापालिकेच्या जलवाहिन्या, गॅसची पाइपलाइन, महावितरणच्या केबल आणि पावसाळी गटार हे सगळं सेवा रस्त्याखालीच टाकलेलं होतं. आता जोडणी फुटली की भर महामार्ग खोदावा लागणार. शिवाय सोसायटीचं फाटक थेट ट्रकच्या वाटेवर उघडणार. रहिवाशांचा विरोध म्हणजे विकासाला विरोध असं म्हणणं सोपं आहे, पण इथे मुद्दा तांत्रिक होता आणि रास्त होता. वाहिन्या आधी हलवा, मग डांबर टाका. हा क्रम कुणी पाळला आणि कुणी उलटा केला, यावर नेतृत्वाला गुण द्या.

क्रम चुकला की काय होतं याचं याहून गंभीर उदाहरण आरोग्याचं. सिव्हिल रुग्णालयाची जागा सुपर स्पेशालिटीच्या नव्या इमारतीसाठी रिकामी झाली आणि रुग्णालय मनोरुग्णालयाच्या आवाराजवळ हललं. सिव्हिल राज्य सरकारचं, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय महापालिकेचं. भार कळव्यावर सरकला. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे २४ तासांत १८ रुग्ण दगावले. कारणं अनेक सांगितली गेली, पण दोन मालकांच्या मध्ये पडणारी जागा नेमकी अशी असते.

आता पाणी. ठाण्याला रोज साधारण ५८५ दशलक्ष लिटर पाणी मिळतं: स्वतःच्या योजनेतून २५०, एमआयडीसीकडून १३५, स्टेम या इथल्या महापालिकांच्या संयुक्त पाणी कंपनीकडून ११५ आणि मुंबई महापालिकेकडून ८५. लोकसंख्या २५ लाख धरली तरी माणशी २३० लिटरच्या वर जातं. नागरी पुरवठ्याचा नेहमीचा निकष १३५ लिटरचा. तरीही टँकर का? कारण पाणी स्रोतापाशी मोजलेलं असतं. गळती, चोरीच्या जोडण्या, जलकुंभ पूर्ण न भरणं आणि वाहिनीच्या टोकाला पडलेल्या इमारती यात ते जिरतं. प्रस्तावित काळू धरणाची घोषणा ऐकली की टाळ्या वाजवायला हरकत नाही, पण आपल्या भागाचा जलकुंभ किती लाख लिटरचा, तो दिवसातून किती वेळा भरतो, आणि त्यावर गेल्या पाच वर्षांत किती नव्या जोडण्या दिल्या, हे तीन आकडे आधी मागा. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने पाण्याच्याच मुद्द्यावर घोडबंदर पट्ट्यातल्या नव्या बांधकाम परवानग्यांना काही काळ लगाम घातला होता, तेव्हा हा प्रश्न आजचा नाही. आणखी एक व्यवहाराची बाब: कळवा, मुंब्रा, दिवा भागात एमआयडीसीचं पाणी जास्त, त्यामुळे त्यांनी गुरुवार-शुक्रवारचा शटडाउन घेतला की तिथला पुरवठा बंद होतो. त्या दिवशी महापालिकेच्या पाणी खात्याला फोन करून उपयोग नसतो. पण शटडाउन संपल्यावर दोन दिवस कमी दाबाने पाणी आलं, तर ते मात्र महापालिकेच्या पाणी खात्याकडेच नोंदवायचं.

पैशाकडे बघितल्याशिवाय नेतृत्वाबद्दलचं कुठलंच मत पक्कं होत नाही, आणि गटांवर नेमकं तेच कुणी बघत नाही.

ठाणं कारखान्यांचं गाव होतं. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत. पोखरण रोड, कोलशेत, घोडबंदर इथले मोठे कारखाने एकामागून एक बंद झाले आणि त्या जमिनींवर टॉवर आले. कारखाने गेले, पुढे जकातही गेली: २०१३ मध्ये एलबीटी (स्थानिक संस्था कर), २०१५ मध्ये तोही बहुतांश व्यापाऱ्यांना माफ, २०१७ पासून जीएसटी आणि त्यापोटी राज्याचं अनुदान. महापालिकेच्या स्वतःच्या हातात उरले मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि शहर विकास विभागाचं उत्पन्न, म्हणजे बांधकाम परवानगीचे शुल्क आणि प्रीमियम. घरांचा बाजार थंडावला की तिजोरी आटते. त्यामुळे कुठल्याही पक्षाचा माणूस खुर्चीत आला तरी परवानग्या मंदावतील असं काही तो मनापासून करणार नाही. हा स्वभावाचा दोष नाही, अंदाजपत्रकाची रचनाच तशी आहे.

कोविडनंतर ठेकेदारांची थकीत देयकं हजारो कोटींच्या घरात गेली होती. त्यातून शहर सावरलं ते मुख्यतः राज्याच्या निधीवर. २८२ रस्त्यांसाठी मिळालेले ६०५ कोटी हे त्याचं सगळ्यांच्या डोळ्यांपुढचं उदाहरण. नगरविकास खातं २०१९ पासून आणि मुख्यमंत्रिपद २०२२ ते २०२४ ठाण्याच्याच एकनाथ शिंदे यांच्याकडे असल्याचा हा फायदा आहे, हे त्यांचे विरोधकही खासगीत नाकारणार नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: निधी खेचून आणणं हे नेतृत्वाचं काम आहेच, पण ते शहराचं उत्पन्न नव्हे. रस्ता अनुदानातून होतो, त्याची झाडलोट आणि दुरुस्ती महसुली खर्चातून होते.

म्हणून अंदाजपत्रक उघडलं की एकूण आकडा बघू नका. तीन रकाने असतात: गेल्या वर्षीचे प्रत्यक्ष, चालू वर्षाचे सुधारित, पुढच्या वर्षीचे अंदाज. बातमी तिसऱ्या रकान्याची होते, तुम्ही पहिला वाचा. शहर विकास विभागाचा अंदाज आणि प्रत्यक्ष जमा यांत किती तफावत आहे ते बघा. मग खर्चाच्या बाजूला नालेसफाई, मलनिस्सारण देखभाल, रस्ते दुरुस्ती ही महसुली शीर्षं बघा. भांडवली कामं फुगली आणि देखभाल तिथेच राहिली, तर तीन-चार वर्षांनी त्याच चकचकीत कामांची अवस्था काय होणार हे आजच कळतं.

रस्त्यांची परीक्षा तर कुणालाही घेता येते. ठाण्यात बरेच रस्ते यूटीडब्ल्यूटीचे आहेत, म्हणजे जुनं डांबर वरून खरवडून त्यावर ५० ते १०० मिलिमीटरचा काँक्रीटचा थर. खालचं डांबर मजबूत असेल आणि वरचा थर त्याला घट्ट चिकटला असेल तरच हे टिकतं. साधारण मीटरभराचे चौकोन पडतील अशा खाचा पहिल्या काही तासांतच कापाव्या लागतात, थराच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत. उशीर झाला की तडा स्वतःच्या मर्जीने जातो. चौकोनाचे कोपरे तुटलेले दिसले तर खाली पाणी शिरलंय किंवा थर सुटलाय असं समजा. चेंबरचं झाकण रस्त्यापेक्षा खाली असेल तर चेंबरभोवतीचा भराव नीट दाबलेला नाही. सगळ्यात वाईट म्हणजे आडव्या चरा: काँक्रीट झाल्यावर कुणीतरी केबलसाठी खोदलं आणि डांबराचं ठिगळ मारलं. याचा अर्थ काम सुरू करण्याआधी केबलसाठीचे डक्ट (पाइप) टाकलेच नाहीत. दोष दायित्व कालावधी टेंडरमध्ये लिहिलेला असतो. त्या मुदतीत दुरुस्ती ठेकेदाराने फुकट करायची असते. तीच दुरुस्ती नव्या निविदेत दिसली तर आवाज उठवायचा.

तुम्ही नौपाड्यातले म्हणून जुन्या इमारतींबद्दल जरा जास्त लिहितो. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२ब म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. ३० वर्षांवरच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ खाली सक्तीचं आहे. परीक्षकाने नुसता हातोडा वाजवून अहवाल दिला तर घेऊ नका. अल्ट्रासॉनिक चाचणी, कार्बोनेशन, सळईचा गंज तपासणारी हाफ सेल चाचणी आणि काँक्रीटचे कोअर (कापून काढलेले नमुने) हे सगळं अहवालात आकड्यांसह हवं. सी-१ ची नोटीस आली तर घर सोडण्याआधी प्रत्येकाच्या जागेच्या क्षेत्रफळाची नोंद महापालिकेकडून लेखी घ्या. इमारत पडल्यावर हक्क सिद्ध करायला तोच कागद असतो, बाकी सगळं आठवणींवर.

नौपाड्याची खरी अडचण गल्लीच्या रुंदीची. सध्याच्या एकत्रित विकास नियमावलीत ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ चटईक्षेत्र १.१, म्हणजे भूखंडाच्या १.१ पट बांधकाम, आणि त्यावर प्रीमियमही (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) नाही, टीडीआरही (दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) नाही. ९ मीटर झाला की ०.५ प्रीमियम आणि ०.४ टीडीआर धरून २ पर्यंत जाता येतं, पूरक चटईक्षेत्र वेगळं. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला वेगळी प्रोत्साहनपर सवलत आहे, पण छोट्या भूखंडावर बिल्डरचं गणित बऱ्याचदा या ९ मीटरवरच अडतं. ६ मीटरची गल्ली ९ करायला दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर सोडावं लागतं. त्यासाठी महापालिकेने कलम २१० खाली रस्तारेषा ठरवायला हवी. एकट्या सोसायटीने अर्ज करून ही फाइल हलत नाही. गल्लीतल्या सगळ्या सोसायट्यांचा एकत्र अर्ज, सोबत मोजणी नकाशा, हे लागतं. नगरसेवकाची खरी गरज इथे आहे आणि त्याची परीक्षाही. बाकड्यावर नाव टाकणं कुणालाही जमतं.

दिवा-मुंब्र्याला हे काहीच लागू नाही, कारण तिथल्या कित्येक इमारतींना मंजूर नकाशाच नाही. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याची लकी कंपाउंड इमारत पडून ७४ जण गेले, ती बांधकाम चालू असतानाच लोक राहायला आलेली अनधिकृत इमारत होती. अशांना क्लस्टरशिवाय, म्हणजे अख्ख्या वस्तीच्या एकत्र पुनर्विकासाशिवाय, वाट नाही. किसननगरची क्लस्टर योजना सिडको राबवतेय. तिथे टॉवर किती मजल्यांचा हे विचारू नका, मधल्या काळात लोक राहणार कुठे आणि देखभालीचा खर्च पुढे कोण सोसणार हे विचारा.

आता धरायचं कुणाला. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत आयुक्तच प्रशासक होते. प्रस्ताव मांडणारेही तेच, मंजूर करणारेही तेच. त्या काळातले निर्णय बघायचे तर प्रशासकीय ठराव मागवा. आता १३१ नगरसेवक आणि बहुतेक प्रभागांत चौघे. चौघे असले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, म्हणून पत्र चौघांच्या नावे एकच काढा आणि प्रत प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांना द्या. पोच शिक्क्यासह घ्या.

विकास आराखड्यातला बदल सगळ्यात गुपचूप होतो. नगररचना कायद्याच्या कलम ३७ खालच्या फेरबदलाची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, हरकतींना एक महिना मिळतो. उद्यान किंवा शाळेचं आरक्षण असलेला भूखंड जवळ असेल तर कलम १२७ ची नोटीस आली आहे का ते विचारा. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जागा घेतली नाही आणि मालकाने नोटीस दिल्यापासून २४ महिन्यांतही संपादनाची पावलं टाकली नाहीत, तर आरक्षण उडतं. शहराची मोकळी जागा अशीच जाते, बुलडोझर वगैरे काही लागत नाही.

कागद बघायला दर वेळी माहिती अधिकार लागत नाही. २०१८ च्या शासन निर्णयानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयात दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. कार्यादेश, मोजमाप पुस्तक आणि त्रयस्थ तपासणीचा अहवाल, या तीन गोष्टी मागा. टाळाटाळ झाली तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा. महाराष्ट्रात अर्जाला एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. रस्ता, गटार आणि पाणी एकाच अर्जात घातलं की तो परत येतो, तेव्हा तीन अर्ज वेगळे करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये.