चांगला असूनही कॉमिक्सवरचा पिक्चर का पडतो?

मुख्य कारण बजेट. तिकीटविक्रीतले साधारण निम्मे पैसे थेटरवाल्यांकडेच राहतात, त्यात जाहिरातीचा खर्च वेगळा, म्हणजे बजेटच्या दुप्पट गल्ला झाला तरी निर्मात्याच्या हातात फार काही उरत नाही. २०१० चा 'स्कॉट पिलग्रिम' बघा, खर्च ६ कोटी डॉलरच्या वर आणि जगभरातली कमाई ५ कोटीच्या आतच, आणि पिक्चर खरंच भारी आहे हो, मारामारीत ठोसा बसला की पडद्यावर अक्षरं उमटतात, थेट कॉमिकचं पान! पण ज्यांनी कॉमिक वाचलंच नाही त्यांना ट्रेलरवरून हे नक्की काय आहे तेच कळलं नाही, वर त्याच आठवड्यात स्टॅलोनचा 'एक्सपेंडेबल्स' आला. नुसत्या फॅन लोकांच्या जिवावर एवढा खर्च निघत नाही.