एकाच संध्याकाळी नर आणि मादी

प्रश्न : हेकरू मासा आधी मादी असतो आणि वाढल्यावर त्याचा नर होतो, असे वाचले होते. आता ऐकतो की कॅरिबियन समुद्रातील एक लहानसा मासा दिवसातून वीस वेळा लिंग बदलतो. हे खरे आहे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हेकरूबद्दल आपण वाचले ते बरोबर आहे. दुसरा मासा म्हणजे चॉक बास, शास्त्रीय नाव सेरानस टॉर्टुगारम. फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगाज बेटांवरून हे नाव पडले. जेमतेम 8 सेंटिमीटर लांबीचा, फिकट निळ्या अंगावर तांबूस उभे पट्टे असलेला हा मासा प्रवाळाचे तुकडे पसरलेल्या तळाच्या थोडा वर, थव्याने तरंगत राहतो आणि प्रवाहाबरोबर आलेले सूक्ष्म जीव टिपतो.

वीसचा आकडा खरा आहे. ‘लिंग बदलतो’ हे शब्द मात्र चुकीचे. हेकरूच्या बाबतीत जननग्रंथीच पालटते आणि त्याला बराच काळ लागतो. चॉक बासच्या शरीरात अंडी आणि शुक्राणू एकाच वेळी तयार असतात, म्हणजे तो पूर्ण अर्थाने उभयलिंगी आहे. बदलते ती केवळ भूमिका.

ती इतक्यांदा का बदलावी, यातच खरी गंमत आहे. अंडी तयार करण्यास खर्च फार, शुक्राणूंना त्यामानाने नगण्य. त्यामुळे एकाने सगळी अंडी एकदम सोडली, तर ती फलित करून दुसरा आपली अंडी न देताच निघून जाण्याचा धोका असतो. म्हणून सूर्य मावळण्याच्या सुमारास जोडीतील प्रत्येक मासा त्या दिवसाच्या अंड्यांचे लहान लहान वाटे करतो. पहिला एक वाटा पाण्यात सोडतो, दुसरा तो फलित करतो. मग दुसऱ्याची पाळी. आपल्याकडे शेतकरी सावड करतात, तसाच हा रोकडा व्यवहार: आज माझ्या शेतात तू, उद्या तुझ्या शेतात मी, फक्त येथे ‘उद्या’ काही मिनिटांवर असतो.

पनामाच्या किनाऱ्यालगत सहा महिने केलेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की जोडीदार एकमेकांच्या अंड्यांचे प्रमाणही जुळवून घेतात, आणि दोघेही थव्यात असेपर्यंत एकही जोडी फुटली नाही.