ओपिऑइड खटल्यांमुळे अमेरिकी औषध कंपन्यांचे शेअर टाळावेत का?

सरसकट टाळायची गरज नाही. (ओपिऑइड म्हणजे अफूच्या वर्गातली, व्यसन लावू शकणारी वेदनाशामकं; त्यांच्या विक्रीवरून अमेरिकेतल्या राज्यांनी औषध कंपन्यांवर खटले भरले.) तडजोडीची रक्कम मोठी दिसते म्हणून शेअर बुडतोच असं नाही. आधीच कर्जात असलेली कंपनी मात्र त्यात बुडू शकते.

ऑगस्ट २०१९ मध्ये ओक्लाहोमातल्या न्यायाधीशांनी जॉन्सन अँड जॉन्सनला ५७.२ कोटी डॉलर भरायला सांगितले, आणि शेअर वर गेला! राज्याची मागणी १७ अब्जांच्या घरात होती, बाजार प्रत्यक्षापेक्षा वाईट निकाल धरून बसला होता. (२०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकालही रद्द केला.)

रक्कम नेहमी वर्षांत वाटून बघा. तेवा या इस्रायली औषध कंपनीची २०२२ ची तडजोड ४.२५ अब्ज डॉलरपर्यंतची, पण १३ वर्षांत फेडायची. म्हणजे वर्षाला साधारण ३३ कोटी, त्यातही काही भाग नॅलोक्सोन (ओपिऑइडच्या अतिसेवनावरचा उतारा) या औषधाच्या रूपात. कंपनीच्या वार्षिक रोकडीतून हे निघतं. मॅलिनक्रॉट या कंपनीची ओपिऑइड तडजोड १.७ अब्जांच्या आसपास, तेवापेक्षा कितीतरी कमी. पण डोक्यावर ५ अब्जांहून जास्त कर्ज आणि दुसऱ्या एका औषधावरून सरकारशी वाद. २०२० मध्ये दिवाळखोरी, २०२२ मध्ये जुने शेअर रद्द. एंडो या कंपनीच्या भागधारकांचंही तेच झालं. दिवाळखोरीत पैसे आधी कर्ज दिलेल्यांना, भागधारकांना सगळ्यात शेवटी.

तपासायचं कुठे? वार्षिक अहवालात (टेन-के) 'कमिटमेंट्स अँड कंटिन्जन्सीज' ही टीप उघडा. तरतूद (खटल्यांसाठी हिशेबात धरलेली रक्कम) किती, त्यातली येत्या १२ महिन्यांत देय किती, आणि त्याच वर्षांत कोणती कर्जं फेडायची आहेत, हे शेजारीशेजारी लिहा. तरतूद शून्य दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका: अमेरिकी हिशेबनियमांनुसार तोट्याची दाट शक्यता असेल आणि तो मोजता येण्याजोगा असेल तेव्हाच ती करावी लागते. दुसरी फसगत 'अ‍ॅडजस्टेड' नफ्याची. त्यातून खटल्यांचा खर्च वगळलेला असतो, त्यामुळे पीई (शेअरची किंमत भागिले प्रतिशेअर नफा) कमी दिसतो आणि शेअर स्वस्त भासतो. पैसे खरोखर किती गेले ते रोकडप्रवाहाच्या तक्त्यातच कळतं.

आपल्याकडच्यांचं म्हणाल तर जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आठ कंपन्यांच्या तडजोडीत सन फार्मा आणि झायडसही आहेत. सनचा वाटा सुमारे ३.१ कोटी डॉलर, म्हणजे अंदाजे २६० कोटी रुपये. वर्षाची विक्री ५० हजार कोटींवर असलेल्या कंपनीसाठी एवढ्यावरून शेअर विकण्यात अर्थ नाही.