घरासाठीची एफडी खुब्यासाठी मोडू का?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३४. दोन वर्षं जांघेत दुखतंय, खुब्याची वाटी उथळ असल्याचं निदान झालंय. एका सर्जनने छोट्या छेदातून वाटीचं हाड कापून फिरवायला, म्हणजे पीएओ करायला सांगितलं. खर्च ७ महिन्यांच्या घरखर्चाइतका. दुसऱ्याने दुर्बिणीतून फाटलेलं लॅब्रम, म्हणजे वाटीच्या कडेची कूर्चेची किनार, शिवू म्हटलं. खर्च ३ महिन्यांइतका. घरासाठी साठवलेले १४ महिन्यांचे पैसे मोडू, स्वस्तातलं करून घेऊ, की पाच वर्षांनी थेट खुबाच बदलू?

शस्त्रक्रिया कोणती, हे सांगणं माझं काम नाही. पण तुम्ही तिन्ही पर्याय बिलाच्या आकड्यावरून रांगेत लावलेत, गडबड तिथेच आहे.

तुमच्या रिपोर्टमध्ये सेंटर-एज अँगल, म्हणजे वाटी मांडीच्या हाडाचा गोळा किती झाकते ते सांगणारा कोन, १६ अंश लिहिलाय. २५ च्या वर नॉर्मल, २० ते २५ सीमारेषा, २० च्या खाली डिसप्लेसिया, म्हणजे उथळ वाटी. वाटी उथळ म्हणून सगळा भार कडेवर येतो, म्हणून लॅब्रम फाटतं. वाटी तशीच ठेवून नुसती कड शिवली तर भार जागचा हलत नाही. शिवण उसवू शकते, सांधा आणखी सैलही होऊ शकतो. मग ३ महिन्यांचे पैसे गेले आणि मोठा खर्च उभाच. सीमारेषेवरच्या माणसाला मी वेगळं सांगितलं असतं.

पाच वर्षं थांबण्यातही पैसे वाचत नाहीत. पीएओला कूर्चा, म्हणजे सांध्यातलं गुळगुळीत अस्तर, बऱ्यापैकी शाबूत लागते; ती झिजली की हा पर्याय संपतो. स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये सर्जन गान्झ यांनी १९८४ पासून पीएओ केलेल्या पहिल्या ७५ खुब्यांपैकी सुमारे ६० टक्के २० वर्षांनंतरही टिकून होते. कृत्रिम खुब्यांपैकी साधारण ५८ टक्के २५ वर्षं टिकतात, असा २०१९ चा अंदाज आहे. म्हणजे ३९ व्या वर्षी बदललात तर चौसष्टीच्या आत पुन्हा टेबलावर जायची शक्यता बरीच, आणि दुसरी वेळ पहिलीपेक्षा अवघड असते. घर दोन वर्षांनीही घेता येईल, कूर्चा परत विकत मिळत नाही. तेव्हा एफडी मोडा.

मात्र ‘छोटा छेद’ या दोन शब्दांसाठी जादा पैसे मोजू नका. सुमारे ७ सेंटिमीटरच्या छेदातून स्नायू कमी दुखावतात, रक्त कमी जातं, हे खरं. पण हाड तेवढंच कापलं जातं आणि जुळायला वेळही तेवढाच लागतो. साधारण ६ ते ८ आठवडे कुबड्या. सर्जनने अशा किती पीएओ केल्यात, हे विचारा. पैसे त्या अनुभवाला द्या.

आता तुमच्या अंदाजपत्रकात न दिसणारा खर्च. ३ महिने पगार नाही असं धरा. कापलेलं हाड धरून ठेवणारे स्क्रू पुढे काढावे लागले तर आणखी १ महिन्याइतकी रक्कम. ७ अधिक ३ अधिक १, झाले ११. उरलेल्या ३ महिन्यांच्या पैशाला हात लावायचा नाही, तो आपत्कालीन निधी. विमा कंपनीकडून ‘जन्मजात दोष’ या कलमाखाली क्लेम नाकारणार नाही, असं तारीख ठरण्याआधी लेखी घ्या. फोनवरचं ‘हो’ धरू नका. मंजुरी आली तर यातला बराचसा पैसा परत घराकडे वळेल.

आणि दुसऱ्या खुब्याचा अँगलही आत्ताच विचारून घ्या. दोष बरेचदा दोन्हीकडे असतो. तसं निघालं तर वरची बेरीज मला पुन्हा मांडावी लागेल.